कोयनेचा विसर्ग, सांगलीची पातळी आणि संगणकातले गणित

पावसाळ्यात कृष्णाकाठच्या गावांत मोबाइलवर दिवसभर तेच आकडे फिरत असतात. कोयनेतून इतके क्युसेक, चांदोलीतून इतके, आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट. पूर येऊन गेला की प्रश्न ठरलेला असतो: पाऊस येणार हे माहीत होते, मग धरण आधीच रिकामे का केले नाही? आणि ज्या वर्षी ऑगस्टनंतर पाऊस दडी मारतो, त्या वर्षी हिवाळ्यात दुसरा प्रश्न येतो: जुलैत एवढे पाणी का सोडून दिले? मी दोन्ही प्रश्न ऐकले आहेत, कधी कधी एकाच शेतकऱ्याच्या तोंडून. त्यात विसंगती काही नाही. त्याचा एक तुकडा मळीत असतो आणि दुसरा कालव्याखाली.

या दोन्ही प्रश्नांना आता संगणक उत्तर देईल असे गेली काही वर्षे सांगितले जाते. अलमट्टी धरणाची उंची वाढवण्याचा वादही शेवटी 'कोणाचे मॉडेल खरे' इथेच येऊन थांबला आहे. म्हणून ही मॉडेले नेमके काय करतात, कुठे चुकतात आणि त्यातून आपल्या शिवारासाठी काय घेता येते, ते समजून घेऊ.

आधी थोडे आकडे

विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, साठा टीएमसीमध्ये. दोन्हींचा सांधा एका आकड्यात आहे. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होते. एवढे लक्षात ठेवले तर बातमीतले निम्मे गोंधळ आपोआप सुटतात.

कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. जुलैअखेर जमीन पाण्याने भरलेली असते, त्यामुळे पडलेल्या पावसातला मोठा हिस्सा थेट धरणात येतो. हा हिस्सा ८० टक्के धरला, तर संपूर्ण पाणलोटात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे धरणात सुमारे अडीच टीएमसी. तो एका दिवसात पडला तर सरासरी २९ हजार क्युसेकची आवक. आता असे समजा की अंदाज २०० मिलिमीटरचा होता आणि प्रत्यक्षात ३०० पडला. घाटमाथ्यावर इतका फरक अगदी नेहमीचा आहे. एवढ्या एका चुकीने दिवसभरासाठी २९ हजार क्युसेक जास्तीचे आले. धरणावरच्या अभियंत्याला दरवाजे किती उचलायचे हे याच अनिश्चिततेत ठरवायचे असते.

दुसरी बाजू रिकामे करण्याची. कोयनेच्या पायथा वीजगृहाच्या दोन्ही युनिटमधून मिळून २,१०० क्युसेक पाणी नदीत सोडता येते. या वेगाने एक टीएमसी जागा करायला साडेपाच दिवस लागतात, आणि तेही वरून काही येत नसेल तर. पाच टीएमसी जागा दोन दिवसांत करायची तर सलग २९ हजार क्युसेक सोडावे लागतील, म्हणजे वक्र दरवाजे उचलावेच लागतील. शिवाय पाणी सांडव्याच्या उंबऱ्याला लागेपर्यंत दरवाज्यांतून थेंबही जात नाही. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूरकाळात तो मार्ग मदतीला येतो, पण तोही बोगद्यांच्या आणि यंत्रांच्या क्षमतेएवढाच. 'धरण रिकामे करा' हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात त्याला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस आधीचा पावसाचा अंदाज सर्वांत कच्चा असतो.

मॉडेल म्हणजे तीन हिशेब

कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी राज्याच्या जलसंपदा विभागाने पूर अंदाज आणि जलाशय परिचलनाची तत्काळ प्रणाली २०१९ च्या आधीच उभी केली होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे काम. डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेची 'माइक' नावाची मॉडेले त्यात वापरली गेली. नाव काहीही असो, अशा प्रणालीत तीन हिशेब एकापुढे एक जोडलेले असतात.

पहिला हिशेब पावसाचा. पडलेल्या पावसातून जमिनीत किती मुरले आणि ओढ्याला किती लागले हे तो सांगतो. शेतकऱ्याला हा वेगळा शिकवावा लागत नाही. जूनचा पहिला ७० मिलिमीटर पाऊस रान पिऊन टाकते आणि ऑगस्टमध्ये तेवढ्याच पावसाने बांध फुटतो. मॉडेलमध्ये ओलाव्याचे कप्पे असतात. ते भरत जातात तसे वाहून येणारे पाणी वाढत जाते.

दुसरा हिशेब नदीचा. ठरावीक अंतरावर नदीचे आडवे छेद मोजून संगणकात घातलेले असतात. वरून येणारे पाणी, पात्राचा उतार, काठावरच्या झाडोऱ्याचा आणि उसाचा अडथळा, पुलांच्या मोऱ्या आणि खालून येणारा फुगवटा धरून प्रत्येक ठिकाणी कोणत्या तासाला पाणी किती उंच असेल ते काढले जाते. तिसरा हिशेब धरणाचा. साठा, परिचलन सूची, दरवाज्यांची क्षमता आणि खालच्या पातळीची मर्यादा धरून 'आत्ता इतके सोडले तर काय, सहा तास थांबलो तर काय' असे पर्याय तो मांडतो.

तिन्ही हिशेबांचे गणित भक्कम आहे. कमकुवत असते ती सामग्री. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या वाईला त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पावसात एवढा उतार असलेल्या मुलखात एक पर्जन्यमापक केंद्र बंद पडले, तर संगणकाला मधला सगळा डोंगर अंदाजानेच भरावा लागतो. आणि केंद्रे बंद पडतात ती नेमकी मुसळधार पावसात, वीज किंवा मोबाइलचे नेटवर्क गेल्यावर. पात्राचे छेद जुने असले तरी हीच अडचण. मधल्या काळात पुलाचा भराव झाला, गाळ साचला, वाळू उपसली गेली, तर संगणकातली नदी आणि खरी नदी वेगळ्या होतात.

२०१९ आणि २०२१: दोन पूर, दोन उत्तरे

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या वेळी कोयना धरण जवळपास भरलेले होते आणि त्यात पावसाचा जोर सलग आठवडाभर टिकला. धरणात जागा नसल्याने येईल तेवढे पाणी पुढे सोडावे लागले. पूर धरणामुळे आला, ही लोकभावना या वर्षातून पक्की झाली.

पण दोन वर्षांनी काय झाले ते पाहा. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या वेळी हंगाम लवकरचा होता. कोयनेत जागा होती आणि धरणाने आलेल्या पाण्याचा मोठा भाग पोटात घेतला. तरीही सांगलीला पाणी ५५ फुटांच्या आसपास पोहोचले.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. सांगलीपर्यंत येणारे सगळे पाणी धरणांतून येत नाही. धरणांच्या खाली, कोयना-कृष्णेच्या दोन्ही अंगांना मोठे क्षेत्र असे आहे की तिथल्या पावसावर कोणाचाच दरवाजा नाही. कराडला कोयना कृष्णेला मिळते, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढे जायला उतारच उरत नाही आणि शिरोळ तालुक्यात पाणी दोन्हीकडून पसरते. वारणा तुडुंब असली की सांगलीतून पाणी ओसरायला वेळ लागतो. त्यामुळे कोयनेचा विसर्ग निम्म्यावर आणला तरी सांगलीची पातळी निम्म्याने उतरत नाही. ती किती उतरेल हे मात्र मॉडेल सांगू शकते, आणि तिथेच त्याचा खरा उपयोग आहे. कोयनेतून सोडलेल्या पाण्याला सांगलीपर्यंत यायला एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. वारणेचा आणि मोकळ्या क्षेत्राचा लोंढा ज्या तासांना सांगलीत शिगेला असेल, त्याच तासांना कोयनेचे पाणी तिथे पोहोचू नये एवढे जरी जमवले, तरी फूट-दीड फुटाचा फरक पडू शकतो. सपाट शिवारात एक फूट म्हणजे काय, हे शिरोळ-मिरजेच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

भीमेवरही हाच प्रकार आहे. नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. वीर आणि उजनी दोन्ही धरणांतला मोठा विसर्ग एकाच वेळी संगमाखाली आला की पंढरपूरचे वाळवंट पाण्याखाली जाते आणि पुढच्या गावांतला ऊसही. दोन धरणांचे तास जुळवणे हे कागद-पेन्सिलीने रात्री दोन वाजता होण्यासारखे काम नाही. इथे संगणक हवाच.

अलमट्टीचा प्रश्न मॉडेलने सुटेल का

अलमट्टीत सध्या ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवले जाते. दुसऱ्या कृष्णा लवादाने ते ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने त्यासाठीच्या भूसंपादनाचा मोबदला मंजूर केला आणि सांगली-कोल्हापुरात पुन्हा चिंता पसरली. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला होता. नदीकाठच्या अनेकांना तो आजही पटलेला नाही. राज्याने पुढे फुगवट्याचा अभ्यास रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे दिला.

मला यात एक गोष्ट खटकते. चर्चा धरणाच्या उंचीची होते, पण नदीला धरणाची उंची कळत नाही. पुराच्या त्या आठवड्यात जलाशयात प्रत्यक्ष पाणी किती होते आणि किती सोडले जात होते, एवढेच तिला कळते. दरवाजे उंच असले आणि जुलै-ऑगस्टमध्ये पातळी मुद्दाम खाली ठेवली, तर वरच्या भागाला त्रास कमी. उंची तीच ठेवून ऑगस्टच्या सुरुवातीलाच धरण काठोकाठ भरले, तर त्रास जास्त. म्हणून राज्याने केवळ उंचीला विरोध करून थांबण्यापेक्षा तारीखवार पातळीचा करार मागावा, असे माझे मत आहे. कोणत्या तारखेला पातळी किती आणि वर किती आवक असताना विसर्ग किती, हे त्यात लिहिलेले असावे. अलीकडच्या पावसाळ्यांत दोन्ही राज्यांचे अधिकारी विसर्गाची माहिती एकमेकांना देत आले आहेत. चांगले आहे, पण फोनवरचा समन्वय आणि बंधनकारक परिचलन या वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक. दोन राज्यांच्या दोन मॉडेलांत वेगवेगळी उत्तरे आली म्हणजे एक खोटे, असे नसते. आज मोजलेले पात्र घातले तर एक उत्तर येते. वीस-तीस वर्षे फुगवट्यात गाळ बसल्यावर पात्राचा तळ किती वर आला असेल हे धरले तर दुसरे. कोणते छेद वापरले आणि कोणत्या वर्षीचे, हे दोन्ही बाजूंनी जाहीर केले पाहिजे. त्याशिवाय निष्कर्षावर वाद घालून उपयोग नाही.

रिकामी जागा कोणाच्या खर्चाने

इथे संगणकाची हद्द संपते.

समजा १० ऑगस्टला धरण ८५ टक्के भरले आहे आणि मोठ्या पावसाचा अंदाज आहे. पाच टीएमसी आधीच सोडायचे का? मॉडेलमध्ये मागच्या ४० वर्षांतला १० ऑगस्टनंतरचा पाऊस एकेक करून चालवता येतो. समजा उत्तर आले, की ४० पैकी ३७ वर्षांत धरण नंतर भरते आणि ३ वर्षांत भरत नाही. मॉडेलचे काम इथे झाले. त्या तीन वर्षांतला तोटा कोणी सोसायचा, हे ते सांगत नाही.

तो तोटा केवढा? एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ हेक्टर-मीटर पाणी. रब्बीच्या एका पाळीत शेतावर १० सेंटिमीटर पाणी लागते आणि कालव्यात-चारीत निम्मे गळते असे धरले, तर एका टीएमसीत सुमारे १४ हजार हेक्टरची एक पाळी होते. पाच टीएमसी म्हणजे ७० हजार हेक्टरची एक पाळी. ज्वारी पोटरीत असताना किंवा हरभऱ्याला घाटे भरताना हुकलेली ती एक पाळी.

आणि हे पाणी कोणाचे? टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कोयनेतून कृष्णेत येणाऱ्या पाण्यावर चालतात. त्यांचे पाणी आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, सांगोल्याकडे जाते. म्हणजे पलूस, वाळवा, मिरज, शिरोळच्या मळीतला ऊस वाचवण्यासाठी घेतलेला धोका जतच्या डाळिंब-ज्वारीवर पडतो. उलट, जतसाठी धरण लवकर भरून ठेवण्याचा धोका शिरोळच्या घरांवर पडतो. हा निर्णय आज धरणाच्या नियंत्रण कक्षात काही अधिकारी घेतात आणि दोन्हीकडून बोलणी खातात. खरे तर हा व्यवहार लोकांसमोर ठरायला हवा. पूर टाळण्यासाठी जागा ठेवली आणि धरण भरले नाही, तर टेलच्या शेतकऱ्याला त्या वर्षी काय मिळणार, हे आधी लिहून ठेवले पाहिजे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाणी वापर संस्थांनी हा विषय मांडावा. बैठक बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, तेव्हा उशीर झालेला असतो. हा विषय मेमध्ये बोलण्याचा आहे.

पुराचे पाणी उपसून दुष्काळी तलाव भरण्याची कल्पना चांगली आहे आणि ती जरूर वापरावी. पण तिने पूर उतरेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. लाखभर क्युसेकच्या पुरासमोर पंपांचा उपसा फार लहान पडतो. तिचा फायदा वेगळा आहे. तलाव आधीच भरलेले असले की रब्बीत कोयनेकडची मागणी कमी होते, आणि मग जुलैत जागा रिकामी ठेवण्याचा धोकाही कमी होतो.

आपल्या शिवाराचा आकडा

आता नदीकाठच्या शेतकऱ्याच्या आणि कृषी सहायकांच्या कामाचे. २०१९ नंतर एका गावातल्या बैठकीत मी क्युसेक आणि टीएमसी समजावून सांगत होतो. सगळे ऐकल्यावर एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, की हे सगळे ठीक, पण पाणी माझ्या जॅकवेलच्या स्टार्टरपर्यंत येणार का? माझ्याकडे उत्तर नव्हते. सरकारी मॉडेलकडेही ते नसते. ते आयर्विन पुलाची किंवा राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगते, तुमच्या बांधाची नाही.

हा सांधा गावात जोडता येतो, आणि त्याला संगणक लागत नाही. जवळच्या मापन केंद्राची पातळी किती फूट असताना आपल्या शिवारात पाणी कुठवर आले, याची नोंद करायची. मोटार किती फुटाला बुडते, ओढ्याच्या तोंडातून पाणी मागे केव्हा शिरते, रस्ता केव्हा तुटतो आणि घराच्या उंबऱ्याला केव्हा लागते, असे चार-पाच टप्पे पुरे. विजेच्या खांबावर किंवा पक्क्या भिंतीवर रंगाने खूण करावी आणि शेजारी तारीख व केंद्राची पातळी लिहावी. २००५, २०१९, २०२१ च्या खुणा बहुतेक गावांत आहेत. मधल्या लहान पुरांच्या नसतात, आणि मोटार बुडते ती लहान पुरातच. नवा पूल किंवा रस्त्याचा भराव झाला तर जुनी नोंद बदलते, हे लक्षात ठेवावे. संगमाजवळच्या गावांनी दोन्ही नद्यांच्या केंद्रांची पातळी लिहावी. एकट्या कृष्णेचा आकडा तिथे फसवतो.

पातळीचा पुढचा अंदाज केंद्रीय जल आयोगाच्या 'फ्लडवॉच इंडिया' या मोबाइल ॲपवर पाहता येतो. ते ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. चोवीस तासांचा अंदाज बऱ्यापैकी धरून चालावा. सात दिवसांचा दिशा कळण्यापुरता वापरावा. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. चोवीस तासांच्या अंदाजावर मोटारी काढाव्यात आणि जनावरे हलवावीत, तीही दिवसाउजेडी. सात दिवसांच्या अंदाजावर खताचा हप्ता, फवारणी आणि मजुरांचे नियोजन करावे. पूर येण्याची शक्यता दिसत असताना मळीतल्या उसाला युरिया टाकणे म्हणजे पैसे नदीत सोडणे.

पिकाचा विचारही याच नोंदीवर व्हावा. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, नेमकी पुराच्या तोंडावर. डोळे फुटण्याच्या काळात रान पाण्याखाली गेले तर बेणे कुजते आणि नांगे पडतात. उंच झालेल्या उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर तो बराच तग धरतो. शेंड्यात गाळ बसला आणि तो कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, तर वाढीचा कोंब मरतो. सोयाबीन तर फुलोऱ्यात दोन-तीन दिवसांचे साचलेले पाणीही सहन करत नाही आणि हळदीत कंदकूज लागते. ज्या रानात तुमच्या नोंदीप्रमाणे इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरते, तिथे आडसालीचा हट्ट सोडून ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण धरावी. उतारा थोडा कमी बसेल, पण दुबार बेणे, मशागत आणि मजुरी यांचा खर्च वाचेल.

कृषी सहायकांनी गावच्या या नोंदी एकत्र करून तालुक्याच्या पाटबंधारे कार्यालयाला द्याव्यात. मॉडेलला असलेल्या नोंदी नदीपात्राच्या आहेत. पाणी काठ ओलांडून रानात शिरल्यावर कुठून कुठे जाते, हे तपासायला गावच्या खुणांसारखी दुसरी सामग्री नाही. पुढच्या वेळी पूररेषा आखायला कोणी आले, तर त्यांच्या नकाशाशेजारी ठेवायला गावाजवळ स्वतःची वही असेल.